आकड्यांचा आवाज कसा होतो?

जुना रेडिओ ज्यांनी हाताळला असेल त्यांना एक गोष्ट खास आठवत असेल. बटण फिरवले की लगेच आवाज येत नसे. आधी काट्यामागचा दिवा लागे, मग पेटीच्या पोटातल्या काचेच्या नळ्या हळूहळू तांबूस होत, आणि अर्ध्या मिनिटाने, दूर शिवारातून कोणी बोलत यावे तसा आवाज जवळ येई. मुलांनी घाई केली तर घरातले वडीलधारे म्हणायचे, "अरे, तापू दे की त्याला!" या तापणाऱ्या नळ्यांना आपण व्हॉल्व्ह म्हणत आलो. शास्त्रीय पुस्तकात त्यांना निर्वात नळी म्हणतात.

आजचा जमाना आकड्यांचा आहे. तबकडीवरचे गाणे घ्या, नाहीतर फोनवरचे. आत पाहिले तर नुसती आकड्यांची माळ. या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा एक भाग अशा प्रत्येक यंत्रात असतो. त्याला 'डॅक' म्हणतात. आपण परिवर्तक म्हणू. आता गंमत पाहा. काही हौशी कारागीर आणि काही कारखानदारही असे परिवर्तक बनवतात की ज्यांच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर दोन-चार व्हॉल्व्ह पेटलेले दिसतात. सारे काम आकड्यांनी करायचे आणि दाराशी मात्र जुना व्हॉल्व्ह बसवायचा! ट्रॅक्टरच्या मागे बैल जुंपावा तसा हा प्रकार वाटतो. हे खूळ आहे, की त्यात काही अर्थ आहे? याचे उत्तर इतिहासात सापडते, म्हणून आज तो इतिहास आपल्यापुढे मांडतो.

गोष्ट सुरू होते 1883 सालापासून. अमेरिकेत एडिसनच्या विजेच्या दिव्यांची काच आतून काळी पडत असे. कारण शोधता शोधता त्याने दिव्यात तारेशेजारी धातूची एक पट्टी बसवली. तार तापली की मधल्या पोकळीतून, कशालाही न शिवता, वीज पट्टीकडे जाऊ लागली. पण एकाच दिशेने. हे का होते ते त्या वेळी कोणालाच सांगता येईना. पुढे 1897 साली जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉनचा शोध लावला तेव्हा उलगडा झाला. तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि धन पट्टीकडे ओढले जातात. गार पट्टीतून मात्र ते निघत नाहीत, म्हणून उलटा प्रवाह नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकवणाऱ्या जॉन फ्लेमिंगने 1904 साली याच गुणाचा उपयोग बिनतारी संदेश पकडण्यासाठी केला आणि नळीला व्हॉल्व्ह हे नाव दिले. आपल्या विहिरीवरच्या पंपाला खाली फूट-व्हॉल्व्ह असतो ना? पाणी वर जाऊ देतो, परत येऊ देत नाही. नेमके तेच काम.

पण खरी करामत झाली ती 1906 साली. ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकाने तापणारी तार आणि पट्टी यांच्या मध्ये आणखी एक तार घातली. पुढे तिची जाळी झाली. शेताच्या पाटाला दार असते. त्यातली फळी एका हाताने बोटभर वरखाली केली की पाण्याचा मोठा लोंढा कमी-जास्त होतो. जाळीचे काम फळीचे. जाळीवर चिमुकला विद्युत्-दाब बदलला की नळीतला मोठा प्रवाह त्याच ठेक्यावर हलतो. क्षीण आवाज मोठा करण्याची किल्ली माणसाच्या हाती आली ती अशी.

डी फॉरेस्टला आपल्या नळीचे मर्म पुरते उमगले नव्हते. नळीत थोडा वायू असलाच पाहिजे अशी त्याची समजूत होती. अमेरिकेच्या टेलिफोन कंपनीतल्या हॅरॉल्ड आर्नल्डने आतली हवा शक्य तेवढी काढून टाकली, तेव्हा कुठे ती नळी भरवशाची झाली. 25 जानेवारी 1915 रोजी न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को ही टेलिफोनची तार सुरू झाली. एका टोकाला टेलिफोनचा जनक ग्रॅहम बेल, दुसऱ्या टोकाला 1876 सालचा त्याचा जुना साथीदार वॉटसन. मध्ये अख्खा खंड, आणि वाटेत दमलेल्या आवाजाला पुन्हा उभारी देणारे व्हॉल्व्ह.

आपल्याकडे 23 जुलै 1927 रोजी मुंबई केंद्र सुरू झाले ते व्हॉल्व्हच्या जोरावर. 1956 साली पुणे केंद्राने आसपासच्या जिल्ह्यांतल्या 150 गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे भरवली. गावकऱ्यांनी कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची, आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. चावडीत किंवा शाळेत मंडळी ज्या संचाभोवती बसत, तेही त्या काळी व्हॉल्व्हचेच. 1961 साली बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात रेडिओचे व्हॉल्व्ह होऊ लागले. म्हणजे, आवाज गावोगाव पोचवण्याचे श्रेय या काचेच्या नळीला दिलेच पाहिजे.

मग ती मागे का पडली? ती महाग होती, तापत होती, वीज खात होती, वर्ष-दोन वर्षांत थकत होती; हे तर खरेच. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचा दोष निराळा होता. व्हॉल्व्ह आवाज मोठा करतो, त्याबरोबर वाटेतली खरखरही मोठी करतो, आणि स्वतःची थोडी कुजबुज वर मिसळतो. मुले कानगोष्टीचा खेळ खेळतात. पहिल्याने सांगितलेले दहाव्याच्या कानी जाईपर्यंत काहीच्या बाहीच होते. लांबच्या टेलिफोनचे असेच होत होते. जितके टप्पे जास्त, तितकी भेसळ जास्त. आणि एकदा मिसळलेली खरखर पुन्हा वेगळी काढता येत नाही.

यावर तोड काढली ती ॲलेक रीव्हज या इंग्रज इंजिनिअरने. पॅरिसमधल्या एका टेलिफोन-प्रयोगशाळेत काम करताना 1938 साली त्याने एका नव्या पद्धतीचे पेटंट घेतले. तिचे मर्म घरगुती दाखल्याने सांगतो.

समजा, नदीपासून घरापर्यंत माणसांची रांग लावली आणि भरलेल्या घागरी हातोहात पुढे द्यायच्या आहेत. प्रत्येक हातात थोडे पाणी सांडणारच. घरी पोचते ती पाऊण घागर. आता दुसरी रीत पाहा. नदीवर पाणी मोजले, चिठ्ठीवर लिहिले 'सात घागरी', आणि चिठ्ठी पुढे धाडली. चिठ्ठी चुरगळली, ओली झाली, तरी 'सात' वाचता येते तोवर काही बिघडत नाही. वाटेतला माणूस हवे तर ती चिठ्ठी कोऱ्या कागदावर पुन्हा उतरवील. शेवटच्या घरी सात म्हणजे सातच पोचतात. रीव्हज म्हणाला, आवाज धाडू नका. आवाजाचे माप धाडा.

शिक्षकबंधूंना हा प्रयोग वर्गात करता येईल. आलेखाच्या कागदावर एक वळणदार रेषा काढा. प्रत्येक उभ्या रेघेशी तिची उंची किती चौकोन आहे ते लिहून घ्या. ते नुसते आकडे दुसऱ्या वर्गात पाठवा आणि तिथल्या मुलांना ठिपके मांडून रेषा जोडायला सांगा. मूळ वळण परत मिळेल. अट इतकीच की लहानात लहान लाटेसाठी दोनांहून अधिक ठिपके हवेत. अमेरिकेतल्या नायक्विस्टने 1928 साली या नियमाचा पाया घातला आणि शॅननने 1949 साली तो आवाजासारख्या लाटांना लागू करून स्पष्ट मांडला. माणसाचा कान फार तर सेकंदाला 20 हजार कंपने ऐकतो, म्हणून सेकंदाला 40 हजारांहून थोडी जास्त मापे घेतली की भागते.

रीव्हजची कल्पना उत्तम होती, पण ती अमलात आणायची कशाने? हाताशी होते ते व्हॉल्व्हच. आणि आकड्यांच्या कामाला ते लागतात ढिगांनी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने गुप्त संभाषणासाठी 'सिगसॅली' नावाचे यंत्र उभारले. ते 1943 च्या जुलैत वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यामध्ये सुरू झाले. त्यात आवाजाचे दहा पट्टे पाडून प्रत्येकाचा जोर सेकंदाला 50 वेळा मोजत आणि तो सहा पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर आहे एवढेच धाडत. एवढ्या जुजबी मोजणीसाठी यंत्राचे वजन झाले सुमारे 50 टन! लंडनला ते एका मोठ्या दुकानाच्या तळघरात बसवावे लागले. असे यंत्र गावच्या टपालघरात कोण बसवणार?

1947 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि वाट मोकळी झाली. 1962 साली अमेरिकेत तारांच्या दोन जोड्यांवरून एकाच वेळी 24 संभाषणे आकड्यांच्या रूपाने जाऊ लागली. जपानच्या एन. एच. के. या प्रसारण संस्थेच्या संशोधनशाळेने 1967 साली आवाज आकड्यांत मुद्रित करून दाखवला. बी. बी. सी.ने 1972 पासून लंडनहून दूरच्या प्रक्षेपकांकडे कार्यक्रम आकड्यांनी धाडायला सुरुवात केली. आणि 1 ऑक्टोबर 1982 रोजी जपानी बाजारात कॉम्पॅक्ट डिस्कचे यंत्र आले. दर कानासाठी सेकंदाला 44,100 मापे, आणि प्रत्येक मापाला 65,536 पायऱ्या. कानगोष्टीचा खेळ संपला. व्हॉल्व्हच्या कुजबुजीतून आवाज सुटला.

पण श्रोते हो, चिठ्ठीने तहान भागत नाही! 'सात घागरी' असे लिहिलेला कागद घरी आला, तरी कोणीतरी त्या मापाने खरे पाणी ओतलेच पाहिजे. आपल्या कानाला आकडा ऐकू येत नाही, हवेची लाट ऐकू येते. म्हणून आकड्यांच्या वाटेचा शेवट नेहमी लाटेतच होतो. हे ओतण्याचे काम परिवर्तकाचे, आणि ओतलेले पाणी न सांडता माजघरात नेण्याचे काम त्याच्या शेवटच्या टप्प्याचे. व्हॉल्व्ह येऊन बसला आहे तो इथे.

परिवर्तक काम कसे करतो, ते वाण्याच्या तागडीवरून समजेल. 1, 2, 4 आणि 8 शेरांची चारच वजने असली तरी 1 पासून 15 शेरांपर्यंत काहीही तोलता येते, करून पाहा. अशी दुपटीदुपटीची 16 वजने घेतली की शून्यापासून 65,535 पर्यंतचा कोणताही आकडा तोलता येतो. परिवर्तकात ही वजने म्हणजे विजेचे लहानमोठे प्रवाह. आकड्याप्रमाणे काही चालू करायचे, काही बंद ठेवायचे, आणि सर्वांची बेरीज बाहेर द्यायची. यात अडचण अशी की सर्वांत मोठे वजन सर्वांत लहान वजनाच्या 32,768 पट असते. मोठ्यात तिळाएवढी चूक झाली तर लहान वजन त्यात बुडून जाते. हॉलंडच्या फिलिप्स कारखान्यातल्या इंजिनिअरांनी यावर युक्ती काढली. सारखे म्हणून घेतलेले चार प्रवाह ते भराभर पाळी बदलून वापरीत, म्हणजे एकाची कमी दुसऱ्याच्या जास्तीने भरून निघे. या पद्धतीचा त्यांचा टी. डी. ए. 1541 हा परिवर्तक 1985 साली आला, आणि हौशी लोकांत तो आजही नावाजलेला आहे.

आता याच्या पुढे व्हॉल्व्ह जोडायचा तर काय काय सांभाळावे लागते ते पाहू. इथे थोडे गणित आहे, पण शाळेतलेच आहे.

या परिवर्तकातून निघणारा प्रवाह पुरा धरला तर 4 मिलिॲम्पिअर; म्हणजे मध्यापासून 2 वर आणि 2 खाली. व्हॉल्व्हच्या जाळीला मात्र प्रवाह नको, दाब हवा. प्रवाह एका रोधातून, म्हणजे रेझिस्टरमधून, जाऊ दिला की ओहमच्या नियमाने दाब मिळतो. मग मोठा रोध घालून मोठा दाब का घेऊ नये? कारण परिवर्तकाला आपल्या दाराशी 25 मिलिव्होल्टपेक्षा जास्त चढउतार सोसत नाही. त्यापुढे त्याची वजने चुकू लागतात. 2 मिलिॲम्पिअरला 25 मिलिव्होल्ट, म्हणजे रोध झाला साडेबारा ओहमचा. त्यावर मिळणारा दाब, वीजमापकाच्या भाषेत, सुमारे 18 मिलिव्होल्ट. कॉम्पॅक्ट डिस्कच्या यंत्रांतून बाहेर 2 व्होल्ट देण्याचा प्रघात आहे. तेव्हा आवाज सुमारे 113 पट वाढवायला हवा.

ई. सी. सी. 83 हा नावाजलेला व्हॉल्व्ह घेतला तर त्याची कागदावरची वाढ 100 पट, प्रत्यक्षात हाती येते 60 पटीच्या आसपास. म्हणजे बाहेर येणार जेमतेम 1 व्होल्ट. एवढ्यावर समाधान मानावे, किंवा आणखी एक टप्पा वाढवून त्याची भेसळ पत्करावी. दुसरी अडचण याहून मोठी. हा व्हॉल्व्ह आवाज वाढवतो खरा, पण ओझे ओढायला दुबळा. त्याचा अंतर्गत रोध 62 हजार ओहमच्या घरात. त्याला 10 हजार ओहमचे पुढचे यंत्र थेट जोडले तर मिळवलेल्या दाबाचा पाचवा हिस्सासुद्धा पलीकडे पोचत नाही. म्हणून त्याच्यामागे दुसरा व्हॉल्व्ह ठेवतात. तो आवाज मुळीच वाढवीत नाही, नुसता खांदा देतो. जाळीवर जे येईल तेच जोरकसपणे बाहेर देतो. या कामाला ई. सी. सी. 88 पसंत पडतो. 1950 नंतरच्या दशकात टेलिव्हिजनच्या लाटा पकडण्यासाठी तो काढला होता. त्याच्याकडून आवाज सुमारे 100 ओहमच्या जोरकस वाटेने निघतो. शेवटी या व्हॉल्व्हवर 100-125 व्होल्टचा स्थिर दाब असतो. तो पुढच्या यंत्रात जाऊ नये म्हणून मध्ये कंडेन्सर घालायचा. 10 हजार ओहमपुढे 2.2 मायक्रोफॅरडचा घातला तर 7 कंपनांपर्यंतचा खर्जसुद्धा सुखाने पार होतो.

आणि कुजबुज? परिवर्तकाचे 50 मिलिव्होल्ट 65,536 पायऱ्यांत वाटले तर एक पायरी येते व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाचा पाऊण हिस्सा. ई. सी. सी. 83 ची स्वतःची कुजबुज, सगळे काही ठाकठीक असताना, हिशोबाने साधारण तेवढीच भरते. तिच्यात तापणाऱ्या तारेचा 50 कंपनांचा गुणगुणाट आणि टेबलाला धक्का लागला की काच झणझणते तिचा आवाज मिळवा. म्हणजे ज्या कुजबुजीतून सुटण्यासाठी रीव्हजने आकड्यांची वाट काढली, तीच कुजबुज आपण शेवटच्या दारात हाताने आणून ठेवतो! हेच सारे काम नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर बसणारा वर्धक कमी खर्चात, कमी उष्णतेत आणि कमी कुजबुजीत करतो. फिलिप्सनेही आपल्या यंत्रांत तोच वापरला होता.

मग लोक व्हॉल्व्ह लावतात ते का? कॉम्पॅक्ट डिस्क नवी असताना, 1985 च्या सुमाराला, तिचा आवाज कोरडा आणि टोचणारा आहे अशी तक्रार पुष्कळ जाणत्या कानांनी केली. व्हॉल्व्ह लावला की तो 'गोड' होतो असे त्यांचे म्हणणे. हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. व्हॉल्व्ह लाटेची एक बाजू थोडी फुगवतो आणि दुसरी थोडी दाबतो. त्यामुळे मूळ स्वरात त्याच्या दुप्पट कंपनांचा स्वर मिसळतो. दुप्पट म्हणजे काय? षड्ज गायला तर वरचा, तार सप्तकातला षड्जच! तिप्पट कंपने असती तर तार पंचम. म्हणजे व्हॉल्व्हची भेसळ सुरेल असते, कानाला खुपत नाही. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सूत सारून जवारी लावतात, तेव्हा तारेतून असेच वरचे स्वर फुलून येतात. जवारी लागलेला तंबोरा कोणाला नको वाटेल?

माझे एक स्नेही विज्ञान शिकवतात. त्यांनी वर सांगितला तसाच टप्पा स्वतः बांधला. पहिल्या दिवशी त्यातून गाण्यापेक्षा गुणगुणाट अधिक येत होता. मग त्यांनी तापणाऱ्या तारेला उलटसुलट वाहणाऱ्या विजेऐवजी एकाच दिशेची वीज दिली, जमिनीला जोडायच्या सगळ्या तारा एका ठिकाणी आणल्या, ट्रान्सफॉर्मर वेगळ्या पेटीत हलवला; तेव्हा ते शांत झाले. एका संध्याकाळी आम्ही चारपाच जण ऐकायला बसलो. शेजारी सिलिकॉनचा टप्पा होता. पहिल्या फेरीत सगळ्यांनी सिलिकॉनला कौल दिला. गुरुजी हसले. म्हणाले, "तो दोन व्होल्ट देतोय, माझा एकच. तुम्ही मोठ्या आवाजाला मत दिलंत." मग त्यांनी मापक लावून दोन्ही आवाज सारखे केले आणि मुलाला आडोशाला बसवून तारा बदलायला सांगितले. दहा वेळांपैकी मी सहा वेळा बरोबर ओळखले. नाणे उडवले असते तरी एवढेच जमले असते.

त्यानंतर त्यांनी मुद्दाम व्हॉल्व्हचा प्रवाह कमी करून त्याची भेसळ वाढवली. आता फरक कोणालाही कळला असता. एकटा गळा आणि तंबोरा असलेली चीज खरोखर भरदार वाटली, एक जण तर "वा!" म्हणून गेला. पण लगेच भजन लावले, पेटी, पखवाज, टाळ आणि पंधरावीस गळे एकत्र, आणि सगळा राडा झाला. कारण अनेक स्वर एकदम आले की व्हॉल्व्ह त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे स्वरही तयार करतो, आणि ते कोणत्याच सप्तकात बसत नाहीत. एका स्वराची जवारी ती अनेकांची खिचडी झाली.

मला त्या संध्याकाळी जे समजले ते असे. जवारी तंबोऱ्याला हवी, निरोप्याला नको. तंबोऱ्याचे काम स्वर उत्पन्न करणे, तेव्हा तो कारागीर आपल्या हाताने गोडवा घालील तितका थोडा. पण गायकाने जे गायले ते आपल्यापर्यंत आणणारे यंत्र हा निरोप्या आहे. निरोप्याने गोड बोलावे, पण आपल्या पदरचे घालू नये. आणि घातलेच तर "हे माझे" असे सांगावे. चांगला बांधलेला व्हॉल्व्हचा टप्पा निरोपात फारसे काही घालीत नाही, आणि मग त्याला सिलिकॉनपासून ओळखणे अवघड जाते. ज्याला वेगळी गोडी आहे, त्याने पदरचे काही घातलेले आहे. ती गोडी आवडणे हा मुळीच गुन्हा नाही. फक्त तिला खरेपणा म्हणू नये.

व्हॉल्व्ह बांधण्याचा एक फायदा मात्र निर्विवाद आहे. बंद सिलिकॉनच्या तुकड्यात काय चालले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. इथे तार तापताना दिसते, जाळी दिसते, ओहमचा नियम हाताशी येतो. विद्यार्थ्याला आकड्यांपासून आवाजापर्यंतची शेवटची पायरी समजावून द्यायला याहून चांगले साधन नाही. एक इशारा मात्र देतो: अशा पेटीत दोनशे-अडीचशे व्होल्ट खेळत असतात आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सर काही वेळ भरलेला राहतो. जाणत्या माणसावाचून मुलांनी आत हात घालू नये.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर काय? ट्रॅक्टरमागे बैल जुंपण्याचा प्रकार आहे का? अगदी तसा नाही. व्हॉल्व्हने माणसाचा आवाज प्रथम खंडापार नेला. त्याच्या दोषामुळे माणूस आकड्यांकडे वळला. आकड्यांनी वाटेतली भेसळ संपवली, पण कानाशी पोचताना त्यांना पुन्हा लाट व्हावेच लागले, आणि त्या उंबऱ्यावर जुना कामकरी आपला खांदा द्यायला उभा राहिला. त्याला देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही, आणि उकिरड्यावर टाकण्याचेही नाही. त्याच्याकडून काम घ्यावे, आणि त्याची भर किती ते मोजून ठेवावे.

मोजून ठेवण्याची ही सवय आपल्यालाही लागू आहे. शिक्षक पुस्तकातला धडा मुलांपर्यंत नेतो, इतिहास सांगणारा जुन्या काळची हकिकत आपल्यापर्यंत आणतो, आकाशवाणी गावोगाव बातमी पोचवते. आपण सारेच शेवटच्या टप्प्यावरचे निरोपे. सांगताना थोडी जवारी लागतेच, त्याशिवाय कोणी ऐकणार नाही. मूळ स्वर कोणता आणि आपली जवारी कोणती, एवढे आपल्याला माहीत असले आणि विचारणाऱ्याला सांगता आले, म्हणजे झाले.